आप्तवियोग, शोक आणि बौद्ध धम्मश्रद्धा : नांदेड व लातूर जिल्ह्यांच्या विशेष संदर्भात

प्रस्तावना :

मृत्यू अटळ आहे हे प्रत्येक प्रौढ व्यक्ती जाणते. तथापि आई, वडील, जोडीदार, भावंड किंवा अपत्य यांचा मृत्यू प्रत्यक्ष समोर येतो तेव्हा ही जाण फारशी उपयोगी पडत नाही. घरातील एक जागा रिकामी होते, कुटुंबातील जबाबदाऱ्यांची वाटणी बदलते आणि 'असे का झाले' हा प्रश्न मनाला पुनःपुन्हा टोचत राहतो. अशा वेळी धर्मश्रद्धा माणसाला आधार देते, असे सामान्यतः मानले जाते. बहुतेक धर्मपरंपरांत या आधाराचे स्वरूप स्पष्ट असते. आत्मा अमर आहे, मृत व्यक्ती ईश्वराजवळ आहे, पुढे कधीतरी तिची भेट होईल, अशी आश्वासने तेथे उपलब्ध असतात.

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९५६ मध्ये दिलेल्या बौद्ध धम्मात यांपैकी एकही आश्वासन नाही. तेथे ईश्वर नाही, अमर आत्मा नाही आणि पुनर्भेटीची ग्वाही नाही. असे असूनही नांदेड व लातूर जिल्ह्यांतील असंख्य बौद्ध कुटुंबे आप्ताच्या मृत्यूनंतर धम्माकडेच वळतात व त्यातून सावरतात. हे कसे घडते, हा प्रस्तुत लेखाचा मध्यवर्ती प्रश्न आहे. लेख सर्वेक्षणावर आधारित नसून विवेचनात्मक आहे. शोकविषयक मानसशास्त्रीय सिद्धांत, पाली वाङ्मय, आंबेडकरी धम्मविचार आणि या भागात रूढ असलेले विधी यांचा एकत्रित विचार त्यात केला आहे.

शोकाची मानसशास्त्रीय संकल्पना :

आप्तवियोगाच्या आधुनिक अभ्यासाची सुरुवात सामान्यतः सिग्मंड फ्रॉइड यांच्या १९१७ मधील शोक व विषण्णता या विषयावरील निबंधापासून मानली जाते. मृत व्यक्तीत गुंतलेली भावनिक ऊर्जा हळूहळू सोडवून घेणे म्हणजे शोकाचे कार्य, अशी त्यांची मांडणी होती. १९६९ मध्ये एलिझाबेथ क्युब्लर-रॉस यांनी नकार, राग, सौदा, विषण्णता व स्वीकार या पाच अवस्था सांगितल्या. आपल्याकडील पाठ्यपुस्तकांतून त्या आजही शिकविल्या जातात. परंतु मूळ मांडणी स्वतः मृत्यूला सामोऱ्या जाणाऱ्या रुग्णांसंबंधी होती, मागे राहिलेल्या नातलगांसंबंधी नव्हती, ही बाब अनेकदा दुर्लक्षित राहते. शोक अशा ठरावीक पायऱ्यांनी पुढे सरकत नाही, असेच पुढील संशोधनाचे मत आहे.

प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने दोन सिद्धांत अधिक उपयुक्त आहेत. क्लास, सिल्व्हरमन व निकमन यांनी १९९६ मध्ये असे प्रतिपादन केले की, मृत व्यक्तीशी असलेले नाते तोडणे म्हणजे सावरणे नव्हे. ते नाते नव्या स्वरूपात जपणे हाही निरोगी शोकाचा भाग असतो. स्ट्रोब व शूट यांनी १९९९ मध्ये दुहेरी प्रक्रियेचा सिद्धांत मांडला. त्यानुसार शोकग्रस्त व्यक्ती कधी वियोगाच्या वेदनेकडे, तर कधी बदललेल्या जीवनाच्या कामांकडे वळते आणि या दोहोंमधील ये-जा हीच सावरण्याची स्वाभाविक रीत असते.

जागतिक आरोग्य संघटनेच्या रोगवर्गीकरणाच्या अकराव्या आवृत्तीत, जी २०२२ पासून अमलात आली, दीर्घकालीन शोकविकाराचा स्वतंत्र समावेश आहे. किमान सहा महिने टिकणारा, दैनंदिन जीवन विस्कळीत करणारा आणि व्यक्तीच्या सामाजिक, सांस्कृतिक व धार्मिक संकेतांच्या तुलनेत स्पष्टपणे अधिक असलेला शोक त्यात अभिप्रेत आहे. म्हणजेच शोक किती व कसा असावा हे ठरविताना समाजाचा धर्म व रीतिरिवाज विचारात घेणे आता वैद्यकशास्त्रालाही आवश्यक वाटते.

धर्मांतर आणि मृत्युसंस्कारांतील परिवर्तन :

१४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूर येथे धम्मदीक्षा झाली तेव्हा मराठवाडा अद्याप हैदराबाद राज्याचा भाग होता. १ नोव्हेंबर १९५६ रोजी तो द्विभाषिक मुंबई राज्यात आला. दीक्षेच्या वेळी दिलेल्या बावीस प्रतिज्ञांमध्ये श्राद्धपक्ष व पिंडदान न करण्याची, तसेच ब्राह्मणाकरवी क्रियाकर्म न करविण्याची प्रतिज्ञा आहे. म्हणजे मृत्यूनंतरच्या विधींचा प्रश्न या धर्मांतराच्या मुळाशीच होता.

या प्रतिज्ञांचा मानसशास्त्रीय अर्थ महत्त्वाचा आहे. जुन्या व्यवस्थेत मृताची पुढील गती मागे राहिलेल्यांच्या विधींवर अवलंबून असे. पिंडाला कावळा शिवला नाही तर मृताची काही इच्छा अपुरी राहिली, असे मानले जाई. विधीत उणीव राहिली तर दोष कुटुंबाकडे येई. ज्या समाजाला गावच्या स्मशानातही समान स्थान नव्हते, त्याला या विधींतून सांत्वनापेक्षा धास्ती आणि कर्ज यांचाच वाटा अधिक मिळत असे. 'आपल्या हातून राहून गेले' ही अपराधभावना शोकातील सर्वात चिवट भावना होय. मृताचे भवितव्य विधींवर अवलंबून नाही, असे सांगून धम्माने या अपराधभावनेचे एक मोठे कारण दूर केले.

दीक्षेनंतर दोन महिनेही उलटले नव्हते तोच ६ डिसेंबर १९५६ रोजी बाबासाहेबांचे महापरिनिर्वाण झाले. नवदीक्षित समाजाचा पहिला मोठा शोक हा स्वतःच्या मुक्तिदात्याचा होता. ७ डिसेंबर रोजी मुंबईत दादरच्या चौपाटीवर अंत्यसंस्कार झाले, त्या वेळी भदंत आनंद कौसल्यायन यांनी जमलेल्या विशाल जनसमुदायाला तेथेच धम्मदीक्षा दिली. शोकाच्या ठिकाणीच संकल्प करण्याचा हा प्रसंग पुढील बौद्ध मृत्युसंस्कारांचा जणू आदर्श ठरला. प्रतिवर्षी ६ डिसेंबरला चैत्यभूमीकडे जाणाऱ्यांत मराठवाड्यातील उपासक-उपासिकांची संख्या मोठी असते. आपल्या घरातील मृत्यूचे दुःख या सामुदायिक स्मरणाशी जोडले जाणे, हा या श्रद्धेचा एक विशेष आहे.

स्वतः बाबासाहेबांचे जीवनही आप्तवियोगाने भरलेले होते. १९१३ मध्ये पिता रामजी, पुढे चार अपत्ये आणि २७ मे १९३५ रोजी पत्नी रमाबाई यांचा मृत्यू त्यांनी पाहिला. राजरत्न या लाडक्या मुलाचे निधन १९२६ मध्ये झाले. त्यांचा शोक खोल होता आणि त्यांचे कार्यही थांबले नाही, हे बौद्ध कुटुंबांतील लहानथोरांना ठाऊक असते. सांत्वनाला आलेला शेजारी जेव्हा रमाई व राजरत्न यांचा उल्लेख करतो, तेव्हा तो परिचित जीवनचरित्राचा दाखला देत असतो.

धम्मग्रंथांतील शोकविचार :

'द बुद्ध अँड हिज धम्म' हा बाबासाहेबांचा ग्रंथ १९५७ मध्ये, त्यांच्या निधनानंतर प्रकाशित झाला. मृत, वृद्ध व रोगी माणसे प्रथमच दिसल्याने सिद्धार्थाने गृहत्याग केला, ही पारंपरिक कथा या ग्रंथात नाकारली आहे. एकोणतीस वर्षांच्या माणसाने तोपर्यंत मृत्यू पाहिलाच नसेल, हे बुद्धीला पटत नाही, असा त्यांचा आक्षेप होता. मात्र त्याच ग्रंथाच्या शेवटच्या खंडात, बुद्धांच्या मानवतेविषयीच्या भागात, विशाखा व किसा गोतमी यांच्या सांत्वनाचे प्रसंग त्यांनी आवर्जून ठेवले आहेत. म्हणजे शोकाचे निवारण हा त्यांच्या दृष्टीने करुणेचा विषय होता.

किसा गोतमीची कथा सर्वपरिचित आहे. मृत बालकाला औषध मागणाऱ्या या मातेला बुद्धांनी, ज्या घरी कधी कुणी मेले नाही अशा घरून मोहरी आणण्यास सांगितले. या कथेचे तात्पर्य 'मृत्यू सर्वांनाच आहे' एवढेच सांगितले जाते. परंतु ती लक्षपूर्वक वाचल्यास असे दिसते की, हे सत्य बुद्धांनी तिला व्याख्यान देऊन सांगितले नाही. त्यांनी तिला घरोघरी पाठविले. प्रत्येक दारात तिला एका नव्या मृत्यूची हकिगत ऐकावी लागली आणि स्वतःचीही सांगावी लागली असणार. सांत्वन घडले ते या भेटींतून.

लातूर जिल्ह्याच्या संदर्भात ही कथा वेगळ्या अर्थाने समोर येते. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारी परिसरात झालेल्या भूकंपात लातूर व तत्कालीन उस्मानाबाद जिल्ह्यांत मिळून सुमारे दहा हजार माणसे मृत्युमुखी पडली. अनेकांवर सामुदायिक अंत्यसंस्कार करावे लागले. त्या गावांत मोहरी मागत फिरण्याची गरज कुणालाच उरली नव्हती. परंतु मृत्यू घरोघरी आहे हे दिसणे वेगळे आणि त्या घरांनी एकमेकांशी बोलणे वेगळे. पहिल्याने माणूस सुन्न होतो, तर सांत्वन दुसऱ्यानेच होते.

पाली वाङ्मयातील आणखी दोन प्रसंग येथे उल्लेखनीय आहेत. महापरिनिब्बान सुत्तात बुद्धांचा अंतसमय जवळ आला असता आनंद विहारात जाऊन रडतो. बुद्ध त्याला बोलावून घेतात. जे जन्मले ते नष्ट होणार याची आठवण ते देतात. परंतु तेथेच न थांबता, आनंदाने इतकी वर्षे काया, वाचा व मनाने केलेल्या प्रेमळ सेवेची ते सर्वांसमक्ष प्रशंसा करतात. संयुत्त निकायात सारिपुत्ताच्या मृत्यूची वार्ता ऐकून आनंद आपले शरीर बधिर झाल्याचे व दिशा सुचेनाशा झाल्याचे सांगतो. बुद्ध त्याला विचारतात की, सारिपुत्त जाताना शील, समाधी, प्रज्ञा हेही बरोबर घेऊन गेला काय? पुढे दोन्ही अग्रश्रावकांच्या मृत्यूनंतर आपल्याला परिषद रिकामी भासते, असे स्वतः बुद्धही म्हणतात.

या प्रसंगांतून बौद्ध सांत्वनाची रीत स्पष्ट होते. प्रथम सत्य सांगितले जाते, नंतर नात्याचे मोल मान्य केले जाते आणि शेवटी मृताचे जे मागे उरले आहे त्याकडे लक्ष वेधले जाते. रिकामेपणाची जाणीव दडवली जात नाही. नाते नव्या स्वरूपात जपण्याचा १९९६ मधील सिद्धांत या रीतीशी जुळतो, हे लक्षणीय आहे.

जलदान व पुण्यानुमोदन विधी :

धम्मविचार सामान्य कुटुंबापर्यंत पोहोचतो तो विधीच्या माध्यमातून. नांदेड व लातूर जिल्ह्यांत बौद्ध कुटुंबात मृत्यू झाल्यास भिक्खू किंवा बौद्धाचार्य यांना पाचारण केले जाते. भिक्खूंची संख्या मर्यादित असल्याने, १९५५ मध्ये स्थापन झालेल्या भारतीय बौद्ध महासभेने प्रशिक्षित केलेल्या बौद्धाचार्यांवर खेड्यापाड्यांत या कार्याचा मोठा भार असतो. गावातीलच शिक्षक, कर्मचारी किंवा शेतकरी हे काम करतात. त्रिशरण व पंचशील ग्रहण करून, संस्कारांची अनित्यता सांगणाऱ्या पाली गाथांच्या पठणात अंत्यविधी होतो. त्यानंतर कुटुंबाच्या सोयीने ठरविलेल्या दिवशी जलदान व पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम होतो.

बुद्ध व बाबासाहेबांच्या प्रतिमांशेजारी मृत व्यक्तीचे छायाचित्र ठेवले जाते, मेणबत्ती व अगरबत्ती लावली जाते आणि सामुदायिक वंदना होते. जलदानात कुटुंबीय मिळून एका पात्रातील पाणी दुसऱ्या पात्रात संथपणे ओततात. नंतर भिक्खूंची धम्मदेसना होते, नातेवाईक व परिचित आदरांजलीपर भाषणे करतात, भोजनदान दिले जाते. काही कुटुंबे विहाराला, वसतिगृहाला किंवा ग्रंथालयाला मृताच्या नावे दान जाहीर करतात.

येथे एक तात्त्विक पेच आहे. खुद्दक पाठातील तिरोकुड्ड सुत्तात, उंचावरील पाणी जसे सखल भागाकडे वाहते तसे येथे दिलेले दान परलोकवासी आप्तांना पोहोचते, अशी कल्पना आहे. जलदानाचा उगम या विचारात आहे. आंबेडकरी धम्मविचार मात्र आत्म्याचे देहांतर मानत नाही. मृत्यूनंतर देहातील घटक विश्वातील तत्सम घटकांत मिसळतात, अशी बाबासाहेबांची मांडणी आहे. मग पुण्य पोहोचते कोणाला? यावर अनेक धम्मदेसनांतून दिले जाणारे उत्तर असे की, मृताने आयुष्यात जे कुशल कर्म केले त्याला जिवंतांनी मान्यता द्यावी व ते पुढे चालवावे, हेच अनुमोदन होय. विधी जुना राहिला आणि त्याचा रोख मृताकडून जिवंतांकडे वळला. वृद्ध आजीला 'माझे दान त्यांना पोहोचले' असे वाटते, पदवीधर नातवाला 'आजोबांचे काम मी पुढे नेईन' असे वाटते. एकाच पाण्यातून दोघांनाही आधार मिळतो. तर्काच्या दृष्टीने ही विसंगती असली, तरी शोकाच्या घरात तिच्यामुळे दोन पिढ्या एकत्र बसू शकतात.

या विधीची मानसिक कार्ये पुढीलप्रमाणे सांगता येतील :

१) मृत्यूची सार्वजनिक कबुली दिली जाते व नकाराची अवस्था ओसरण्यास मदत होते.
२) मृताचे जीवन शब्दबद्ध केले जाते. ज्या माणसाच्या मजुरीची कुठे नोंद नव्हती, त्याच्याविषयी चार माणसे उभी राहून बोलतात.
३) दानाच्या रूपाने शोकाला कृती मिळते व असहायता कमी होते.
४) कुटुंब एकटे नाही हे उपस्थितांच्या संख्येवरून व वावरावरून दिसते.

यांतील चौथ्या कार्याचे महत्त्व कोविड महामारीत प्रकर्षाने जाणवले. २०२० व २०२१ मध्ये अंत्यविधीस वीस व्यक्तींची मर्यादा होती. गाथा म्हणता येत होत्या, परंतु माणसे येऊ शकत नव्हती. अनित्यतेचा विचार तोच असूनही त्या काळातील शोक अधिक जड झाला. श्रद्धेचा आधार हा केवळ विचाराचा नसतो, संघाचाही असतो, हे त्यावरून स्पष्ट होते.

स्थानिक संस्थात्मक आधार :

शोक विधीच्या दिवशी संपत नाही. पाहुणे परततात, तेव्हा तो खऱ्या अर्थाने सुरू होतो. या पुढील काळासाठी नांदेड-लातूर परिसरात काही व्यवस्था उपलब्ध आहेत. आषाढ पौर्णिमेपासून आश्विन पौर्णिमेपर्यंतच्या वर्षावासात अनेक विहारांत 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथाचे सामुदायिक वाचन होते. त्यात महिलांचा सहभाग विशेष असतो. पती गमावलेल्या स्त्रीला रोज सायंकाळी घराबाहेर पडण्याचे, समवयस्क स्त्रियांत बसण्याचे व किसा गोतमीचा प्रसंग स्वतः मोठ्याने वाचण्याचे निमित्त त्यातून मिळते. दुहेरी प्रक्रियेच्या सिद्धांतातील वेदना व दैनंदिन जीवन यांमधील ये-जा येथे सहजपणे घडते.

नांदेड जिल्ह्यात अर्धापूर तालुक्यातील दाभड येथील बावरीनगर महाविहारात दरवर्षी पौष पौर्णिमेच्या सुमारास धम्म परिषद भरते. नांदेडजवळ खुरगाव येथे श्रामणेर प्रशिक्षण केंद्र आहे. काही दिवसांची श्रामणेर दीक्षा घेऊन प्रौढ गृहस्थही तेथे नियमबद्ध जीवनाचा अनुभव घेऊ शकतात. लातूर जिल्ह्यात उदगीर येथील बुद्ध विहाराचे लोकार्पण ४ सप्टेंबर २०२४ रोजी राष्ट्रपती द्रौपदी मुर्मू यांच्या हस्ते झाले. या मोठ्या केंद्रांइतकेच वस्तीवस्तीतील लहान विहारांचे महत्त्व आहे, कारण शोकग्रस्त माणूस दूर जाऊ शकत नाही. त्याला चालत जाता येईल इतक्या अंतरावर आधार लागतो.

मर्यादा व चिंतेच्या बाबी :

धम्मश्रद्धेच्या या आधाराचे मूल्यमापन करताना त्याच्या मर्यादांकडे दुर्लक्ष करणे योग्य होणार नाही.

पहिली मर्यादा अनित्यतेच्या चुकीच्या वापराची आहे. 'सर्व अनित्य आहे, रडू नका' हे वाक्य मृत्यूच्या दुसऱ्याच दिवशी ऐकविले जाते, तेव्हा ते सांत्वन न राहता आज्ञा बनते. संयुत्त निकायातील बाणाच्या दृष्टांतानुसार पहिला बाण सर्वांनाच लागतो. मनाने त्यावर ओढवून घेतलेला दुसरा बाण टाळता येतो. पहिल्या बाणाची वेदनाच नाकारणे हा या दृष्टांताचा अर्थ नव्हे. 'मी खरा बौद्ध असून मला अजून रडू येते' अशी लाज शोकग्रस्ताला वाटू लागली, तर तोच दुसरा बाण ठरतो.

दुसरी मर्यादा विधीच्या सार्वजनिक स्वरूपाची आहे. आदरांजली सभेत मान्यवरांची भाषणे लांबत जातात. मृताची पत्नी किंवा आई मात्र अनेकदा एका कडेला मूक बसून असते. तिला बोलण्याची विनंती क्वचितच केली जाते. ज्या धम्माने किसा गोतमीला घरोघरी बोलते केले, त्याच्या विधीत सर्वाधिक दुःखी व्यक्तीच अबोल राहावी, ही गंभीर बाब आहे.

तिसरी मर्यादा खर्चाची आहे. मोठे भोजन, मंडप व फलक यांची चढाओढ सुरू झाल्यास, ज्या कर्जातून सुटण्यासाठी जुने विधी सोडले तेच नव्या नावाने परत येण्याचा धोका आहे.

चौथी मर्यादा आकस्मिक मृत्यूंची आहे. अपघात किंवा आत्महत्येनंतरचा शोक गुंतागुंतीचा असतो. दीर्घकाळ झोप व अन्न तुटणे, कामावर परतता न येणे, जगण्याची इच्छा मावळणे ही लक्षणे दिसल्यास विहाराबरोबरच वैद्यकीय मदत आवश्यक असते. नांदेड व लातूर येथील शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांत मानसोपचाराची सोय आहे. तसेच केंद्र शासनाची टेली-मानस ही १४४१६ या क्रमांकावरील विनामूल्य सेवा ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे. स्वतः तथागतांनी आजाऱ्याच्या शुश्रूषेला दिलेले महत्त्व पाहता, उपचार घेणे हे श्रद्धेच्या उणिवेचे लक्षण मानण्याचे कारण नाही.

महाविद्यालयीन प्राध्यापकांच्या दृष्टीने या विवेचनाचा व्यावहारिक उपयोग आहे. आपल्या वर्गात दरवर्षी कुणी ना कुणी विद्यार्थी वडील किंवा आई गमावून परत येतो. सहकाऱ्यांच्या घरीही असे प्रसंग घडतात. अशा वेळी हजेरीच्या चौकशीपूर्वी मृताचे नाव घेऊन त्याच्याविषयी दोन वाक्ये विचारणे, पुण्यानुमोदनास उपस्थित राहणे, आणि महिन्या-दोन महिन्यांनी पुन्हा एकदा विचारपूस करणे, एवढे प्रत्येकाला शक्य आहे. बौद्धाचार्यांच्या प्रशिक्षणात शोकसमुपदेशनाची प्राथमिक ओळख समाविष्ट करण्यासाठी महाविद्यालयांतील मानसशास्त्र, समाजशास्त्र व पाली विभागांनी एकत्रितपणे साहाय्य केल्यास तेही उपयुक्त ठरेल.

समारोप :

नांदेड व लातूर जिल्ह्यांतील बौद्ध प्रौढांना आप्तवियोगात धम्मश्रद्धेचा जो आधार मिळतो, तो पुनर्भेटीच्या आश्वासनातून येत नाही. मृताच्या गतीविषयीच्या धास्तीतून झालेली सुटका, दुःख एकट्याचे नाही याचा प्रत्यक्ष अनुभव, मृताच्या जीवनाला मिळालेली सार्वजनिक मान्यता आणि शोकाला मिळालेले दानाचे व कार्याचे वळण, या चार गोष्टींतून तो उभा राहतो. यांपैकी पहिली गोष्ट प्रतिज्ञांनी दिली. उर्वरित तीन माणसांनी द्यावयाच्या असतात आणि माणसे कमी पडली तर केवळ गाथांनी त्या भरून निघत नाहीत. म्हणूनच पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमात शेवटचे भाषण संपल्यावर, कडेला बसलेल्या त्या स्त्रीजवळ जाऊन बसणे आणि ती बोलेल ते ऐकणे, हा या विधीचा अनिवार्य भाग मानला गेला पाहिजे.